फोन मनासारखा लावायचा तर आधी त्याची कुंडली पाहा

"सेटिंग्जमध्ये जा, बॅटरीवर दाबा, तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा." कुणीतरी इतकं सोपं करून सांगतं, तुम्ही बॅटरी उघडता आणि तिथे तो शब्दच नसतो. यात चूक तुमचीही नाही आणि सांगणाऱ्याचीही नाही. त्याच्या हातात मोटोरोला आहे, तुमच्या हातात विवो. दोन्ही फोन अँड्रॉइडवरच चालतात, पण त्या एका नावाखाली दोन वेगळी घरं बांधलेली आहेत.

अँड्रॉइडचा पाया गूगल सर्वांसाठी खुला ठेवतं. त्यावर प्रत्येक कंपनी आपला थर चढवते: सॅमसंगचा वन यूआय, शाओमी-रेडमी-पोकोचा पूर्वीचा मीयूआय आणि आताचा हायपरओएस, ओप्पोचा कलरओएस, रिअलमी यूआय, वनप्लसचा ऑक्सिजनओएस, विवोचा पूर्वीचा फनटच ओएस आणि आताचा ओरिजिनओएस. मेनूची मांडणी, बॅटरीचे नियम, फोन लावण्याचं ॲप, फॉन्ट, सगळं त्या थरात बदलतं. आयफोनमध्ये यंत्र आणि प्रणाली एकाच कंपनीची असल्यामुळे हा मधला थरच नाही. अँड्रॉइडवर होम स्क्रीन पूर्ण बदलण्याची मुभा ज्या मोकळेपणातून मिळते, त्यातूनच नोटिफिकेशन तासभर उशिरा येण्याचं दुखणंही येतं. म्हणून फोनमध्ये काहीही बदलायला घेण्याआधी आपला फोन नेमका कोणता, ते कागदावर लिहून काढा.

कुंडलीतल्या चार नोंदी

अँड्रॉइडवर सेटिंग्ज → अबाउट फोन उघडा. सॅमसंगवर त्याच्या आत 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन' असतं. तिथून या गोष्टी टिपा:

१. अँड्रॉइडची आवृत्ती (उदा. १४, १५, १६).
२. कंपनीच्या थराची आवृत्ती (वन यूआय किती, हायपरओएस किती).
३. सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्तीची, तारीख.
४. गूगल प्ले सिस्टिम अपडेटची तारीख. ही नोंद प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या जागी असते. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'प्ले सिस्टिम' टाइप केलं की सापडते.

यातल्या पहिल्या दोन नोंदींची सर्वाधिक गल्लत होते. हायपरओएस २ काही फोनांवर अँड्रॉइड १५च्या पायावर आला, तर काहींवर अँड्रॉइड १४च्या. म्हणजे शेजाऱ्याच्या आणि तुमच्या फोनवर 'हायपरओएस २' असं एकच नाव दिसतं, तरी अँड्रॉइड १५ची काही वैशिष्ट्यं त्याच्याकडे असतात आणि तुमच्याकडे नसतात. सूचना वाचताना ती पायाबद्दल आहे की थराबद्दल, हे आधी ओळखा. परवानग्या, ॲपनिहाय भाषा, अलार्मचे नियम हा पायाचा प्रांत. ऑटोस्टार्ट, थीम, दोन व्हॉट्सॲप, लॉक स्क्रीनवरच्या जाहिराती हा थराचा.

फोन परदेशातून आलेला असेल तर पाचवी नोंद करा: तो कुठल्या देशासाठी बनला होता. अमेरिकेत विकलेल्या गॅलक्सी फोनांत वर्षानुवर्षं कॉल रेकॉर्डिंगचं बटण नव्हतं. भारतात विकलेल्या त्याच मॉडेलांत होतं. आयफोनसुद्धा यातून सुटलेला नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४पासूनच्या मॉडेलांत सिमचा खाचा नाही, फक्त ई-सिम चालतं. भावाने किंवा मुलीने न्यू जर्सीहून आयफोन आणला, तर इथलं प्लास्टिकचं सिम त्यात बसणार नाही. ते आधी सिमच्या कंपनीकडून ई-सिममध्ये बदलून घ्यावं लागतं.

आयफोनची कुंडली एका ओळीची असते. सेटिंग्ज → जनरल → अबाउट इथे आयओएसची आवृत्ती आणि मॉडेल दिसतं, तेवढं पुरे. २०२५मध्ये ॲपलने आयओएस १८नंतर थेट २६ हा आकडा घेतला. मधल्या सात आवृत्त्या निघाल्याच नाहीत, त्यामुळे त्या आपल्याला मिळाल्या नाहीत असं समजू नका.

मेनू शोधू नका, शब्द शोधा

लेखात किंवा व्हिडिओत दिलेला मेनूचा रस्ता वर्षभरात शिळा होतो. सॅमसंगनेच बॅटरीचा मेनू 'डिव्हाइस केअर'मधून बाहेर काढून वेगळा ठेवला आहे. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत मुख्य शब्द टाकणं हाच टिकाऊ मार्ग.

फोन मराठीत असेल तर एक अडचण येते. प्रत्येक कंपनीने मेनूचं भाषांतर आपापल्या पद्धतीने केलंय, त्यामुळे इंग्रजी सूचनेतल्या शब्दाचा मराठी जोडीदार ओळखता येत नाही. अशा वेळी भाषांच्या यादीत इंग्रजी वर ओढा, काम उरका आणि मराठी पुन्हा वर आणा. असं केल्याने कुठलीही माहिती पुसली जात नाही.

'डेव्हलपर ऑप्शन्स' हा जाणकारांसाठीचा लपवलेला मेनू उघडण्याचंच उदाहरण घ्या. बहुतेक फोनांत 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारतात. सॅमसंगवर तो 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन'च्या आत असतो. शाओमीवर मीयूआय किंवा ओएसच्या आवृत्तीवर सात टिचक्या माराव्या लागतात. एकाच दाराची कडी तीन जागी. त्या मेनूत शिरलात तर ॲनिमेशनचे तीनही आकडे १एक्सवरून ०.५एक्स करा, जुना फोन लगेच चपळ वाटू लागतो. काम झाल्यावर मात्र हा मेनू बंद करा. तो किंवा त्यातलं यूएसबी डीबगिंग (संगणकाला फोन हाताळू देणारी सोय) चालू दिसलं की काही बँकांची ॲप्स उघडायलाच नकार देतात.

नोटिफिकेशन उशिरा येतात: रोग कुठे आहे ते आधी ठरवा

अँड्रॉइडच्या फाटाफुटीचा सर्वांत जास्त त्रास इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

२०१५च्या अँड्रॉइड ६पासून 'डोझ' नावाची सोय आहे. फोन चार्जरवर नसेल, स्क्रीन बंद असेल आणि फोन हलत नसेल, तर ॲप्सना झोपवलं जातं. अधूनमधून त्यांना क्षणभर जागं करतात. तातडीचा संदेश आला तर हा नियम मोडून तो पोहोचवायचा, अशी व्यवस्था गूगलने ठेवली आहे. पण पुष्कळ कंपन्यांनी बॅटरी जास्त टिकावी म्हणून त्यावर आपले कडक नियम घातले, आणि काही नियम ॲपला झोपवण्याऐवजी पूर्ण बंदच करतात. जबरदस्तीने बंद झालेल्या ॲपपर्यंत तातडीचा संदेशही पोहोचत नाही. ते ॲप तुम्ही हाताने उघडेपर्यंत सगळं थांबलेलं असतं.

दुरुस्तीआधी चाचणी करा. फोन चार्जरवरून काढा. चार्जरवर डोझ लागू होत नाही, त्यामुळे चार्जरवर केलेली चाचणी नेहमी पास होते आणि फसवते. कुठल्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब चालू असेल तर तिथून लॉगआउट करा. स्क्रीन बंद करून फोन टेबलावर तासभर पडू द्या, हात लावू नका. मग दुसऱ्या फोनवरून व्हॉट्सॲप संदेश पाठवा आणि पाठवणाऱ्याच्या फोनवरच्या खुणा बघा.

एकच खूण राहिली आणि तुम्ही स्क्रीन उघडताच दोन झाल्या, तर संदेश फोनपर्यंत आलाच नव्हता. दोष बॅटरीच्या नियमात आहे किंवा नेटवर्कमध्ये. लगेच दोन खुणा झाल्या पण आवाज आला नाही, तर फोनला संदेश मिळाला होता. दोष नोटिफिकेशनच्या परवानगीत, चॅनलच्या (त्या प्रकारच्या नोटिफिकेशनच्या) आवाजात किंवा डू नॉट डिस्टर्बमध्ये आहे. हे न ठरवता सगळी बटणं दाबत सुटलात तर एका दुखण्यावर दुसऱ्याचं औषध होतं.

बॅटरीचाच दोष निघाला, तर आपल्या थराप्रमाणे पुढे जा. ॲपच्या चिन्हावर बोट दाबून धरून 'ॲप इन्फो' उघडणं सर्वांत सोपं.

शाओमी, रेडमी, पोको: 'ऑटोस्टार्ट' चालू करा आणि 'बॅटरी सेव्हर'मध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकच केली तर काम अर्धवट राहतं. व्हॉट्सॲपचा कॉल लॉक स्क्रीनवर दिसत नसेल तर 'अदर परमिशन्स'मध्ये 'शो ऑन लॉक स्क्रीन' आणि पार्श्वभूमीतून पॉप-अप दाखवण्याची परवानगी द्या. अलीकडे वापरलेल्या ॲपांच्या पडद्यावर त्या ॲपचं कार्ड दाबून धरून कुलूपही लावा, म्हणजे 'सगळं साफ करा' दाबलं तरी ते वाचतं.

सॅमसंग: सेटिंग्ज → बॅटरी → बॅकग्राउंड युसेज लिमिट्स. इथे तीन याद्या असतात: 'स्लीपिंग', 'डीप स्लीपिंग' आणि 'नेव्हर ऑटो स्लीपिंग'. 'डीप स्लीपिंग'मध्ये पडलेलं ॲप पार्श्वभूमीत कधीच चालत नाही. बँक, औषधांची आठवण, ऑफिसचा संवाद अशी ॲप्स तिथून काढून 'नेव्हर ऑटो स्लीपिंग'मध्ये घाला. न वापरलेली ॲप्स आपोआप झोपवणारं बटण याच पडद्यावर आहे. ते चालू राहिलं तर पहिल्या दोन याद्या पुन्हा भरत जातात.

ओप्पो, रिअलमी, वनप्लस: ॲप इन्फो → बॅटरी युसेज. तिथे 'अलाउ बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी' आणि 'अलाउ ऑटो लाँच' ही दोन्ही बटणं चालू हवीत.

विवो: बॅटरीच्या मेनूत पार्श्वभूमीतल्या वीजवापराची वेगळी यादी असते. ॲप तिथे मोकळं करा. ऑटोस्टार्ट मात्र परवानग्यांच्या मेनूत आहे.

पिक्सेल, मोटोरोला, नथिंग: ॲप इन्फोमध्ये 'ॲप बॅटरी युसेज', तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड'. अँड्रॉइड १४पासून आधी 'अलाउ बॅकग्राउंड युसेज' या शब्दांवर दाबावं लागतं, बाजूच्या बटणावर नाही. मग आतले पर्याय दिसतात.

हे सगळं चार-पाच ॲपांपुरतंच करा. पंचवीस ॲपांना मोकळीक दिली की बॅटरी दुपारीच मान टाकते आणि दोष फोनला दिला जातो. सोशल मीडिया, खरेदी, खेळ यांना मोकळं सोडायची काहीच गरज नाही.

औषधाच्या आठवणीचं ॲप घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर असेल, तर आणखी तीन गोष्टी तपासल्याशिवाय ते भरवशाचं समजू नका. अँड्रॉइड १३पासून नव्या ॲपला नोटिफिकेशनची परवानगी मागावी लागते, आणि घाईत 'नाही' दाबलेलं असतं. अँड्रॉइड १४वर नव्याने टाकलेल्या बहुतेक ॲपांना ठरल्या मिनिटाला अलार्म वाजवण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. ती 'स्पेशल ॲप ॲक्सेस'मधल्या 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स'मध्ये हाताने द्यायची. आणि ॲप इन्फोच्या तळाशी, ॲप वापरात नसेल तर थांबवा अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद करा. नाहीतर काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या प्रणाली स्वतःच काढून घेते. ज्येष्ठ माणूस आठवण ऐकून गोळी घेतो, ॲप उघडतच नाही, आणि एक दिवस आठवण येणं बंद होतं.

आयफोनवर संदेशाची पट्टी दाखवण्याचं काम प्रणाली स्वतः करते, त्यामुळे ॲप झोपलेलं असलं तरी पट्टी येते. तिथे उशीर झाला तर बहुतेक वेळा कारण तुमच्याच सेटिंगमध्ये सापडतं: 'शेड्युल्ड समरी' चालू असेल तर नोटिफिकेशन साठवून ठरल्या वेळीच दाखवली जातात, किंवा नोटिफिकेशन अडवणारा एखादा 'फोकस' चालू राहिलेला असतो. लो पॉवर मोडमध्ये पार्श्वभूमीतलं ताजं करणं थांबतं, म्हणून ईमेल मागे पडतात. ॲप्स वर सरकवून फेकून देण्याची सवय मात्र सोडा. तसं बंद केलेल्या ॲपला पार्श्वभूमीत गुपचूप माहिती आणता येत नाही आणि बॅटरीही वाचत नाही, कारण पुढच्या वेळी ते शून्यापासून उघडावं लागतं.

रूप बदलताना

अँड्रॉइडवर लॉन्चर, म्हणजे होम स्क्रीन दाखवणारं ॲप, बदलला की होम स्क्रीनचा संसारच बदलतो. प्ले स्टोअरवरून तो घ्या आणि सेटिंग्ज → ॲप्स → डीफॉल्ट ॲप्स → होम ॲप इथे निवडा. बिघाड दोन ठिकाणी होतो. एक, बॅटरीचे वरचे नियम लॉन्चरलाही लागू होतात. दर वेळी होम स्क्रीन कोरी दिसून मग चिन्हं उगवत असतील, तर फोनने लॉन्चर मारलेला असतो. त्यालाही मोकळीक द्या. दोन, अंगठ्याने सरकवण्याचे हावभाव (जेश्चर) कंपनीच्या स्वतःच्या लॉन्चरशी बांधलेले असतात. मीयूआयवर तर बाहेरचा लॉन्चर लावला की पूर्ण स्क्रीनचे हावभाव बंद होऊन खालची तीन बटणं परत येत. हे जमत नसेल तर कंपनीच्या लॉन्चरमध्येच राहा. सॅमसंगधारकांसाठी 'गुड लॉक' हे सॅमसंगचंच ॲप उत्तम आहे. त्यातलं 'होम अप' होम स्क्रीनची मांडणी बदलतं आणि 'साउंड असिस्टंट' प्रत्येक ॲपचा आवाज वेगळा ठेवू देतं. प्रणालीशी झगडा न करता एवढं देणारं दुसरं साधन त्या फोनांवर नाही.

फॉन्टच्या बाबतीत मराठी वाचकाने सावध राहायला हवं. सॅमसंगवर डिस्प्लेच्या मेनूतून आणि शाओमीवर थीम्स ॲपमधून फॉन्ट उतरवता येतो. पण त्यातल्या बहुतेक फॉन्टांत देवनागरी अक्षरंच नसतात. मग इंग्रजी नव्या वळणात आणि मराठी जुन्याच वळणात दिसतं, ओळींची उंची जुळत नाही आणि वेलांट्या कापल्या जातात. फॉन्ट लावल्यावर एक ओळ लिहून बघा: 'दुसऱ्याच्या वाऱ्यावर ॲप, ळ, क्ष, ज्ञ'. 'ऱ्य' मोडलेला दिसला किंवा 'ॲ'च्या जागी चौकोन आला, तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टांत ते नसतंच.

अँड्रॉइडवर मराठीने हे आधीही सोसलंय. २०११च्या अँड्रॉइड ४.०पूर्वी मूळ प्रणालीत देवनागरीची धड सोय नव्हती. काही कंपन्यांनी आपल्या फोनांत स्वतःचे फॉन्ट घातले, काहींनी नाही. एकच मराठी संदेश एका फोनवर नीट वाचता येई, दुसऱ्यावर चौकोनांची रांग.

आयफोनवर प्रणालीचा फॉन्ट बदलताच येत नाही. पण जेवढं देतात तेवढं सगळ्या पात्र फोनांवर एकाच दिवशी आणि एकसारखं येतं. २०२०मध्ये आयओएस १४ने होम स्क्रीनवर विजेट दिले, २०२२मध्ये आयओएस १६ने लॉक स्क्रीन बदलू दिली, २०२४मध्ये आयओएस १८ने चिन्हं कुठेही ठेवायची, रंगवायची आणि कंट्रोल सेंटर हवं तसं मांडायची मुभा दिली. होम स्क्रीनची मोकळी जागा दाबून धरा, 'एडिट' → 'कस्टमाइझ' केलं की चिन्हांचा रंग आणि आकार बदलतो. शॉर्टकट्स ॲपमधून आपलं चित्र लावून चिन्ह बनवता येतं, पण त्यावर न वाचलेल्या संदेशांचा लाल आकडा दिसत नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपसाठी ती युक्ती टाळा.

आणि हे जरूर करून बघा: आयफोनची लॉक स्क्रीन दाबून धरा, 'कस्टमाइझ' → लॉक स्क्रीन, घड्याळावर टिचकी, मग पृथ्वीगोलाचं चिन्ह. तिथून देवनागरी निवडलं की घड्याळ १०:४५ असं आपल्या अंकांत दिसू लागतं. अँड्रॉइडच्या गर्दीत इतकी साधी गोष्ट प्रत्येक थरात वेगळी शोधावी लागते.

कळफलकाचं थोडक्यात. अँड्रॉइडवर जीबोर्ड या गूगलच्या कळफलकात मराठीचा देवनागरी आणि इंग्रजी अक्षरांतून लिहायचा, असे दोन्ही प्रकार जोडता येतात. आयफोनवर सेटिंग्ज → जनरल → कीबोर्ड → कीबोर्ड्स इथून मराठी जोडा. बाहेरचा कळफलक आयओएस ८पासून चालतो, पण पासवर्डच्या चौकटीत प्रणाली तो बाजूला सारून ॲपलचाच आणते. तो बिघाड नाही. बाहेरच्या कळफलकाला आयफोन माइकही वापरू देत नाही, म्हणून बोलून लिहिणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये.

दोन व्हॉट्सॲप, आणि कॉल रेकॉर्डिंग

एका फोनवर दोन नंबर चालवायला सॅमसंगचं 'ड्युअल मेसेंजर', शाओमीचं 'ड्युअल ॲप्स', ओप्पो-वनप्लसचं 'ॲप क्लोनर' आहे. पण व्हॉट्सॲपची ही दुसरी प्रत ज्या वेगळ्या कप्प्यात राहते तो कप्पा नवा फोन घेताना माहिती हलवणाऱ्या ॲपला बऱ्याचदा दिसत नाही, आणि प्रत बंद केली की तिच्यातल्या गप्पा जातात. ऑक्टोबर २०२३पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपमध्येच दुसरं खातं जोडता येतं. तेच वापरा. त्यासाठी थरावर अवलंबून राहावं लागत नाही. आयफोनवर प्रत काढायची सोय नाही. दुसऱ्या नंबरला व्हॉट्सॲप बिझनेस टाकणं हा जुना आणि चालणारा मार्ग.

कॉल रेकॉर्डिंगसाठी प्ले स्टोअरवर ॲप शोधण्यात वेळ घालवू नका. दिव्यांगांसाठीच्या 'ॲक्सेसिबिलिटी' परवानगीतून कॉल रेकॉर्ड करण्याची पळवाट गूगलने मे २०२२मध्ये बंद केली. आता सगळं फोनच्या स्वतःच्या डायलरवर (फोन लावण्याच्या ॲपवर) ठरतं. गूगलचा डायलर रेकॉर्डिंग सुरू होताच दोन्ही बाजूंना तसं ऐकवतो. आयफोनवर आयओएस १८.१पासून रेकॉर्डिंग आहे, तेही घोषणा करूनच. भारतात विकलेल्या सॅमसंगवर कंपनीचा स्वतःचा डायलर ते काम करतो.

अपडेट घेताना आणि फोन विकत घेताना

पूर्वी अँड्रॉइडचं अपडेट गूगलकडून चिप बनवणाऱ्याकडे, तिथून फोन कंपनीकडे, मग तुमच्याकडे असं रखडत येई. २०१७च्या अँड्रॉइड ८मध्ये 'ट्रेबल'ने चिपचा भाग प्रणालीपासून वेगळा केला. २०१९च्या अँड्रॉइड १०मध्ये 'मेनलाइन'ने प्रणालीचे काही तुकडे थेट प्ले स्टोअरवरून बदलायची सोय केली. कुंडलीतली चौथी नोंद तीच. म्हणून फोन कंपनीने नवी आवृत्ती देणं थांबवलं, तरी प्ले सिस्टिम अपडेट मिळत असेल तर ते घेत राहा.

फोन घेताना 'किती वर्षं अपडेट' एवढंच विचारू नका, मोजणी कधीपासून तेही विचारा. ती मॉडेल बाजारात आल्यापासून सुरू होते, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३मध्ये सात वर्षांच्या वचनासह आला, म्हणजे हद्द ऑक्टोबर २०३०. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षांनी स्वस्तात घेतलात तर हातात पाचच वर्षं उरली. गॅलक्सी एस२४लाही (जानेवारी २०२४) सातच वर्षांचं वचन आहे. स्वस्त मॉडेलांत हा आकडा झपाट्याने घटतो, आणि 'अँड्रॉइडच्या आवृत्त्या' व 'सुरक्षेची वर्षं' हे दोन वेगळे आकडे असतात. दोन्ही लिहून घ्या. आयफोनचं उदाहरण: आयओएस २६ला आयफोन ११ किंवा त्यापुढचा फोन लागतो. पण २०१३च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३मध्येसुद्धा सुरक्षेची दुरुस्ती मिळाली होती.

मोठ्या अपडेटआधी बॅकअप घ्या, कारण परतीचा रस्ता नसतो. जुन्या आयओएसवर ॲपल मंजुरीची डिजिटल सही करणं थांबवतं, आणि मग ती आवृत्ती फोनमध्ये बसतच नाही. अँड्रॉइडवरही बऱ्याच फोनांत मागे जाणं अडवलेलं असतं. अपडेटनंतर पहिलं काम म्हणजे वरच्या बॅटरीच्या याद्या पुन्हा उघडून बघणं. मोठ्या अपडेटात त्या मूळपदावर गेलेल्या आढळतात.

कंपनीचा थरच काढून लिनिएजओएससारखी बाहेरची, अँड्रॉइडवरच बेतलेली प्रणाली टाकायची हौस जुन्या, बाजूला पडलेल्या फोनवर जरूर भागवा. रोजच्या फोनवर नको, हे आमचं ठाम मत आहे. त्यासाठी बूटलोडरचं (फोन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं) कुलूप उघडताना फोन पूर्ण पुसला जातो, गूगलच्या तपासणीत फोन नापास झाला की बँकांची ॲप्स अडतात, आणि सॅमसंगवर नॉक्स या सुरक्षा-व्यवस्थेची छेडछाडीची खूण एकदा पडली की खासगी गोष्टी ठेवायचं सिक्युअर फोल्डर कायमचं जातं. नंतर मूळ प्रणाली परत टाकूनही ते येत नाही.

अँड्रॉइडवरून आयफोनकडे जाताना

'मूव्ह टू आयओएस' हे ॲप आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच्या पायऱ्यांत चालवा, कारण व्हॉट्सॲपच्या गप्पा त्याच वाटेने येतात. दोन्ही फोन चार्जरवर ठेवा, एकाच वायफायवर आणा आणि जुन्या फोनवर ते ॲप सोडून दुसरीकडे जाऊ नका. मध्येच कॉल घेतला तरी हस्तांतर तुटू शकतं. व्हॉट्सॲपचा नंबर दोन्हीकडे तोच हवा.

यूपीआय सर्वांत शेवटी. अँड्रॉइडवर ॲप तुमच्या परवानगीने स्वतःच एसएमएस पाठवून नंबर पडताळतं. आयफोन कुठल्याही ॲपला परस्पर एसएमएस पाठवू देत नाही. संदेश तयार होऊन समोर येतो आणि 'पाठवा' तुम्हाला दाबावं लागतं. मजकूर विचित्र अक्षरांचा असतो, तो खोडू किंवा बदलू नका. दोन सिम असतील तर बँकेत नोंदलेल्या नंबरवरूनच तो जातोय ना ते बघा, आणि त्या सिमवर एसएमएसचा शिल्लक पॅक आहे ना तेही. नोंदणी झाल्यावर बऱ्याच बँका नव्या अँड्रॉइड फोनवर पहिले २४ तास आणि आयफोनवर ७२ तास एकूण ५,००० रुपयांचीच मर्यादा ठेवतात. शाळेची फी किंवा घरभाडं यूपीआयने भरायचं असेल, तर ते आधी जुन्या फोनवरून भरून टाका, मगच सिम काढा.